तालमीच्या दारातला कायदा

"हां कर!"

कोल्हापुरातल्या आमच्या गल्लीची सकाळ कोंबड्याने होत नसे, या दोन शब्दांनी होत असे. तालमीच्या बुटक्या दारात वस्ताद उभे. खांद्यावर पंचा, छाती दाराएवढी, आणि समोर ओळीने पोरं. प्रत्येक पोराने वस्तादांच्या नाकासमोर तोंड उघडायचं आणि पोटातला वारा बाहेर सोडायचा. वस्ताद डोळे मिटून तो वास घेत, अत्तराच्या दुकानात एखादा रसिक घेतो तसा, आणि मग मान हलवून पोराला आत सोडत.

ते नाक पाहण्यासारखं होतं. तरुणपणी कुठल्याशा मैदानात मोडलेलं, ते कायम डाव्या बाजूला, शेजारच्या गल्लीकडे बघत असे. पण त्याची कामगिरी सरळ होती. "रात्री सुकट हाणलीस व्हय रं? घरात सोमवार हाय न्हवं?" असं म्हटलं की पोरगं लाजून आत पळे. मी तालमीचा सेक्रेटरी. माझ्या दंडात बेटकुळी नव्हती, पण अक्षर चांगलं होतं, म्हणून हे पद माझ्याकडे आलं होतं. एकदा मलाही त्यांनी दारात धरलं.

"सेक्रेटरी, हां करा."

"अहो, मी फक्त चहा प्यालोय."

"बिनदुधाचा." त्यांनी डोळे उघडले. "वहिनीसंगं भांडण झालंय."

झालं होतं. आता सांगा, अशा माणसापुढे कोण काय लपवणार?

आम्हाला तेव्हा असंच वाटायचं.

त्या काळी सरकारची दारूबंदी होती आणि नव्हतीही. तब्येतीला आवश्यक आहे असं डॉक्टरने लिहून दिलं की परवाना मिळे. त्यामुळे गल्लीतल्या सगळ्या प्रतिष्ठित मंडळींची तब्येत एकाएकी नाजूक झाली होती. धडधाकट राहिली होती ती फक्त तरणी पोरं, आणि धडधाकट म्हणूनच त्यांना परवाना नव्हता. त्यातून वयाची अटही होती. ती नेमकी किती, हे आमच्याकडे कोणालाच ठाऊक नव्हतं. कोणी एकवीस म्हणे, कोणी पंचवीस, कोणी तीस. पानाच्या दुकानात यावरून एकदा चांगली हातघाई झाली आणि ती सोडवायला आलेला हवालदार म्हणाला, "मला बी ठावं न्हाय, पण तुमी समदे आत बसताय."

वस्तादांचा कायदा मात्र स्वच्छ होता. त्यात वय नव्हतं, परवाना नव्हता. प्यालेला वास आला की त्या पोराचा लंगोट खुंटीवरून काढून रस्त्यावर टाकायचा. तो कोणी उचलायचा नाही, आणि त्या पोराचं नाव पुन्हा तालमीत कोणी घ्यायचं नाही. असा एक लंगोट रस्त्यात पडलेला मी पाहिला आहे. बैलगाडी त्यावरून गेली, सायकली गेल्या. ज्याचा होता तो समोरच्या भिंतीला कपाळ टेकून रडत होता, आणि आतमध्ये शड्डूंचा आवाज चालू होता. त्या दिवसापासून आमच्या तालमीचा लौकिक पार शिरोळपर्यंत गेला. आया लांबलांबून पोरं आणून सोडू लागल्या.

त्यातच आला बसू. गडहिंग्लजकडचा, शेतकऱ्याघरचा. बाप लहानपणीच गेलेला. आईला तो अव्वा म्हणे. अव्वा त्याला एसटीतून घेऊन आली, एक पोतं जोंधळे आणि एक डबा तूप वस्तादांपुढं ठेवलं आणि म्हणाली, "वस्ताद, पोरगं तुमच्या हवाली केलं बगा. मी आता निवांत झोपतो." त्या भागातल्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात, पुरुषासारख्या, ठणठणीत.

बसू अंगाने वाघ आणि तोंडाने माकड. एकोणीस वर्षांचा असेल. वस्तादांना उलट बोलण्याची हिंमत तालमीत त्या एकट्याची, कारण तो बोलला की वस्तादांना आधी हसू यायचं.

महाशिवरात्रीला तालमीत थंडाई होई. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी वाटून दोन पातेली भरत. मोठं पातेलं पोरांचं. छोट्या पातेल्यात मात्र सरकारमान्य दुकानातून आणलेली भांगेची गोळी पडे. ते वस्तादांचं आणि चार वडीलधाऱ्यांचं. (एकदा माझ्या हातात चुकून छोट्या पातेल्यातला पेला आला. त्या संध्याकाळी मी माझ्या सायकलशी फार मनमोकळं बोललो, असं लोक सांगतात. सायकलने काही तक्रार केली नाही.)

त्या वर्षी बसूने छोट्या पातेल्याकडे बोट दाखवलं.

"वस्ताद, एक इचारू?"

"इचार."

"तुमची भांग म्हंजे परसाद, आन दुसऱ्याची दारू म्हंजे पाप, हे कुठल्या पुस्तकात हाय?"

"माझ्या."

पोरं खिदळली. बसू हटला नाही. "बरं मग, कितव्या वर्साला परसाद मिळतोय आमास्नी?"

"माझ्याएवढा झालास की."

"तवर तुमी आणखी म्हातारं व्हणार की वो! मी कवा गाठायचं तुमास्नी?"

वस्ताद इतके हसले की ठसका लागला. मग डोळे पुसत म्हणाले, "जोर मार. माझं हसू थांबंस्तवर मार." बसू जोर मारत राहिला आणि त्याच्याकडे बघून वस्तादांचं हसू काही थांबेना. आम्ही सगळे हसत होतो. त्या प्रश्नाचं उत्तर कोणीच दिलं नव्हतं, हे त्या हसण्यात कोणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या हंगामात जयसिंगपूरजवळच्या एका मैदानात बसूने मोठी कुस्ती मारली. समोरचा नावाजलेला होता. बसूने त्याला आकाश दाखवलं, तेव्हा वस्तादांनी फेटा काढून वर उडवला. तो परत खाली येताना तिसऱ्याच माणसाच्या डोक्यावर पडला, आणि वस्तादांनी तो मागितलाही नाही. त्यांचे एक पाहुणे शिरोळला होते. त्यांनी आग्रहाने वस्तादांना ठेवून घेतलं. पोरं एकटी परत निघाली.

जिंकलेल्या पोराला मिरवावंसं वाटतं. बसू आणि त्याचे दोन जोडीदार. परवान्याच्या दुकानात त्यांना कोणी उभं केलं नसतं, आणि केलं असतं तरी कोल्हापुरात ते वस्तादांच्या कानावर गेलं असतं. म्हणून ती तिघं वाटेत उसाच्या फडात शिरली. फडात काय मिळतं हे त्या भागात सगळ्यांना माहीत होतं. पत्र्याच्या डब्यातली हातभट्टी. जोडीदारांनी थोडी घेतली. कुस्ती बसूची, म्हणून मान बसूचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात वस्ताद नव्हते. बसू भिंत चाचपत तालमीत आला आणि म्हणाला, "आज धुकं लई पडलंय की रं."

बाहेर लख्ख ऊन होतं.

जोडीदारांना रात्री उलट्या होऊन गेल्या होत्या, ते सावरले होते. बसूचं डोकं फुटत होतं, पोटात काही ठरत नव्हतं. आता तुम्ही म्हणाल, दवाखाना दोन गल्ल्यांवर होता. होता. पण दवाखान्यात विचारणार, काय प्याला? मग पोलीस. बिनपरवाना पिणं म्हणजे गुन्हा. आणि पोलिसांचं एक वेळ चालेल, पण मग वस्ताद. मग लंगोट रस्त्यावर.

त्या दोन पोरांनी त्यांना जे येत होतं ते केलं. पैलवानाचं अंग दुखलं, ताप भरला, तर आमच्याकडे त्याला हौद्यात, कुस्तीच्या मातीत, निजवून वरून माती ओढतात. ताक, तेल, हळद, लिंबू पाजलेली ती तांबडी माती अंगातलं सगळं वाईट ओढून घेते, असा तालमीचा विश्वास. पोरांनी बसूला हौद्यात निजवलं, छातीपर्यंत माती ओढली, वास दाबायला तोंडात लवंगा आणि कच्चा कांदा दिला, आणि बाहेरून कडी घातली. मला दारात म्हणाले, "सेक्रेटरी, आज हौदा खणतोय, आत येऊ नका." मी गेलो नाही. खणण्याच्या कामाला मला बोलावत नाहीत, यात मला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं.

वस्ताद त्याच्या दुसऱ्या दिवशी परतले. तालमीच्या दारापासून मी त्यांच्याबरोबर होतो. शिरोळहून आणलेली काकवीची बरणी त्यांच्या हातात होती, बसूसाठी. कडी काढून आत गेले. अर्ध्या अंधारात मातीतून एक तोंड वर आलेलं दिसलं. डोळे सताड उघडे.

"कोण हाय?" बसूने विचारलं.

वस्ताद त्याच्या समोर उभे होते.

ते गुडघ्यावर बसले, वाकले. लवंग, कांदा आणि त्याखालचं सगळं त्यांच्या नाकाने ओळखलं. मला वाटलं, आता गर्जना होणार. त्यांनी दोन्ही हातांनी माती उपसली, तो डोंगर खांद्यावर घेतला आणि धावत सुटले, अनवाणी. मी त्यांची पायताणं हातात घेऊन मागून पळत होतो. लोक वाटेतून बाजूला होत होते. कोणीतरी ओरडलं, "बसूनं कुस्ती मारली न्हवं?" त्याला वाटलं मिरवणूक आहे.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने डोळ्यांत बत्ती मारून पाहिली आणि विचारलं, "काल कुठं होता हा?"

"तालमीत."

"तालमीत काय करत होता?"

वस्ताद म्हणाले, "मला भीत होता."

बसू वाचला. डोळे गेले.

अव्वा आली. खाटेजवळ बसून तिने पोराच्या तोंडावरून हात फिरवला. मग वस्तादांकडे वळली. "प्यालं म्हणून मी रडत न्हाय, वस्ताद. त्येचा बाप बी प्यायचा. पर तुमच्यापासनं लपलं. एवढं जवळ ऱ्हाऊन लपलं." आणि पोराला घेऊन ती गावी गेली. तालमीतलं त्याचं अंथरूणसुद्धा तिने मागितलं नाही.

त्यानंतर वस्ताद दारात उभे राहत, पण बाजूला सरून. पोरं सवयीने तोंड उघडून थांबत, ते नुसते हाताने आत जा म्हणत. काही दिवसांनी त्यांनी सगळ्यांना हौद्याभोवती बसवलं.

"आजपासनं कुणाचा लंगोट बाहीर जाणार न्हाय. प्याला असशील, ओढला असशील, तर येऊन सांगायचं. त्या दिवशी मातीत उतरायचं न्हाय. घरला सोडाय मी येईन. आन उलटी झाली, अंधारी आली, तर पयला दवाखाना. केस झाली तर जामीन मी." मग म्हणाले, "लपायचं न्हाय. एवढाच कायदा."

ही बातमी गावभर झाली, पण अर्धीच. गावाने ऐकलं की वस्तादांच्या तालमीत एक पोरगं दारूने आंधळं झालं. प्रतिष्ठित मंडळींनी सभा भरवली. ठराव असा, की परवान्याची वयोमर्यादा आणखी वाढवावी, शिक्षा कडक कराव्यात आणि भांगेचं दुकानही बंद करावं. व्यासपीठावर वस्तादांना मानाने बसवलं. नाजूक तब्येतीची बरीच मंडळीही वर होती. भाषण मी लिहून दिलं होतं, अगदी टाळ्यांच्या जागा सोडून. वस्तादांनी उठल्यावर तो कागद घडी करून माझ्या हातात परत दिला. कित्येक दिवसांची माझी मेहनत!

"वय वाढवा म्हणताय," ते म्हणाले. "किती? माझ्याकडं तर वयच न्हवतं. जलमभर बंदी. तरी माझं पोरगं आंधळं झालं."

मागे कॉलेजची पोरं होती. त्यांनी टाळ्या पिटल्या. वस्ताद त्यांच्यावर कडाडले, "टाळ्या काय वाजवताय? दारू चांगली म्हणालो व्हय मी?"

सभा गार.

"एकोणीस वर्साचं पोरगं लष्करात चालतंय. बाप्या म्हणून लगीन करून देताय त्येचं. हौद्यात मान मोडून घेतंय, तवा वय इचारत न्हाय कुणी. आन घोटभर पायजे म्हटल्यावर म्हणताय, म्हातारा हो. मग ते उसात जातंय. उसातल्या डब्यात काय असतंय, बघितलंय काय कुणी?" ते व्यासपीठाकडे वळले. "मी भांग खातो. माझ्यासाठी सरकारी दुकान हाय, तराजू हाय, पाटी हाय. पोरासाठी पत्र्याचा डबा. म्हाताऱ्यांनी म्हाताऱ्यांसाठी केलेला कायदा हाय ह्यो. मी बी त्यातलाच."

एक वकीलसाहेब उठले. "वस्ताद, मग तुमचं म्हणणं काय? पोरांना दुकानं मोकळी करून द्यायची?"

"ठावं न्हाय."

"ठाऊक नाही, तर बोलता कशाला?"

"तुमास्नी तरी कुठं ठावं हाय, साहेब? म्हणूनच म्हणतोय, परत एकदा इचार करूया."

ठराव एकमताने मंजूर झाला. आपल्याकडे ठराव एकमतानेच मंजूर होतात.

इथे ही गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. शहाणा झालेला वस्ताद आणि न ऐकणारं गाव, अशी गोष्ट सांगायला मला फार आवडते. पण तसं झालं नाही.

तालमीत एका शिंप्याचा मुलगा होता. किडकिडीत, गोड गळ्याचा. नव्या कायद्यानंतर तो एका सकाळी आला आणि खाली मान घालून म्हणाला, "वस्ताद, काल पिलो." वस्तादांनी त्याला पाठीवर हात ठेवून घरी सोडलं. त्यांचा चेहरा त्या दिवशी उजळला होता. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा म्हणाला. मग पुन्हा. वस्ताद दर वेळी सोडायला जात, त्याच्याशी बोलत, कधी रंकाळ्यावर नेऊन बसवत. पोरं हसू लागली. "वस्तादाची वरात चालली" म्हणू लागली. मग तो सांगायला न येता पिऊनच येऊ लागला, आणि मग यायचाच थांबला.

त्याचा बाप गळ्यात माप टाकलेलाच तालमीच्या पायरीशी आला. भांडला नाही. शांतपणे म्हणाला, "वस्ताद, आधी तुमच्या भ्यानं वर्सातनं एकदा प्यायचा. आता कुणाला भिऊ म्हणतोय."

तो गेल्यावर वस्ताद पायरीवरच बसून राहिले. मी शेजारी बसलो.

"सेक्रेटरी, भ्या ठेवलं तर एक गेला. भ्या काढलं तर एक गेला. मधी काय असतंय वो?"

मला गावात बोलघेवडा म्हणतात. मयताच्या घरीसुद्धा माझ्याकडे एखादा किस्सा तयार असतो. त्या दिवशी मात्र समोरून बर्फाच्या गोळ्याची गाडी गेली, ती आम्ही दोघे वळणापर्यंत बघत राहिलो.

तालमीच्या पंचांनी मग सांगितलं, जुना नियम आणा, नाहीतर वस्तादकी सोडा. वस्तादांनी वाद घातला नाही. जुना नियम तोंडातून निघत नाही म्हणाले. निघताना हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि बाहेर पडले. नवे वस्ताद चांगले होते. शिस्तीचे होते. आया पुन्हा पोरं आणून सोडू लागल्या.

वस्ताद दर शुक्रवारी एसटीने गडहिंग्लजकडे जायला लागले. पहिले कित्येक शुक्रवार अव्वाने दार उघडलं नाही. ते समोरच्या कट्ट्यावर बसून परतीच्या गाडीने येत. मग एकदा तिने आतून पाण्याचा तांब्या बाहेर ठेवला. मग भाकरी.

एका शुक्रवारी मी त्यांच्याबरोबर गेलो. बसू अंगणात दोर वळत होता. अंबाडीचा, जनावरांच्या दाव्यांसाठी. हे काम दोघांचं. एकाने पीळ द्यायचा, दुसऱ्याने समोरचं टोक ताणून धरायचं. वस्तादांनी बंडी काढली, मुकाट्याने दुसरं टोक धरलं. दोघांची ती दर शुक्रवारची गोष्ट असावी. बराच वेळ नुसता पिळाचा आवाज.

"बसू," वस्ताद म्हणाले, "त्या दिवशी सांगितला असतास तर?"

"हाकललं असतं तुमी."

"व्हय." वस्तादांनी टोक हातावर गुंडाळलं. "हाकललं असतं. आन मग दवाखान्यात न्हेलं असतं."

बसूचे हात थांबले. "आदी लंगोट रस्त्यावर, आन मग मी खांद्यावर?"

"व्हय की."

बसू हसला, पूर्वीसारखा. मग हसू गेलं.

"मग सांगाय पायजे होतं की, वस्ताद," तो म्हणाला.

"मला बी," वस्ताद म्हणाले. "तुला आदीच सांगाय पायजे होतं."

बसूने पुन्हा पीळ द्यायला सुरुवात केली.

अलीकडे गांजाचाही नवा कडक कायदा आला. वर्तमानपत्रात त्यावर पुष्कळ छापून येतं, वय किती असावं, शिक्षा किती असावी. वाचताना मला दर वेळी वाटतं, हे वस्तादांना वाचून दाखवावं आणि ते काय म्हणतात बघावं. "ठावं न्हाय" म्हणाले असते. पण विचार करून म्हणाले असते.

ते गेल्याचं सांगायला मीच बसूकडे गेलो होतो. त्याला आधीच कळलं होतं. शुक्रवारी एसटी आली आणि पावलं आली नाहीत, तेव्हाच कळलं म्हणाला. अंगणात तो दोर वळत होता. दुसरं टोक कडुलिंबाला बांधलेलं होतं, आणि खाली तुटलेल्या दोरांचे तुकडे पडले होते.

मी ते गोळा करू लागलो. त्याला माझी चाहूल लागली.

"ऱ्हाऊ दे, सेक्रेटरी," बसू म्हणाला. "पीळ भरत आला की दोर आखडतोय. तवा थोडं म्होरं यावं लागतंय समोरच्यानं. वस्ताद यायचे." त्याने दोर ओढून पाहिला. "झाड काय येत न्हाय."